लिंबाजीमामा आणि सलीमची डावी मांडी

सलीमची डावी मांडी लिंबाजीमामांच्या अंगठ्यामुळे फाटली नाही. ती माझ्यामुळे फाटली. हे मी दहा-अकरा वर्षांपूर्वी एका छापील फॉर्मवर लिहायला हवं होतं. तेव्हा मी दुसरंच वाक्य लिहिलं. आता सत्तरी उलटली आहे आणि लिंबाजीमामा राहिले नाहीत. म्हणून जे आठवतं ते आठवेल तसं लिहून ठेवतो.

वाळूजच्या एका कारखान्यात मी देखभाल विभाग सांभाळत होतो. शहराला आम्ही तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. कारखान्याच्या मागच्या अंगाला कंपनीचं फुटबॉलचं मैदान होतं. लिंबाजीमामा तिथं ठेकेदाराकडून लागलेले माळी. कागदावर माळी, पण लागोपाठच्या दुष्काळात त्या मैदानावर गवताची काडी उरली नव्हती. त्यामुळे चुन्याच्या रेषा मारणं, जाळ्या बांधणं, चेंडूत हवा भरणं आणि पोरांकडे लक्ष ठेवणं एवढंच काम त्यांना होतं. शेवटचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

अंगानं ठेंगणे. पायात टायरच्या चपला. डोक्यावरची टोपी कधीकाळी पांढरी असावी. मूळचे कन्नडकडचे, घाटाच्या वरच्या अंगाच्या एका वस्तीवरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तरुणपणी कळप घेऊन ते हिवाळ्यात खाली उतरायचे आणि वाळूजच्या शिवारात लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. पुढं त्याच रानांत कारखाने उभे राहिले. चरायला जागा राहिली नाही तेव्हा मामांनी मेंढरं भावाच्या हवाली केली आणि स्वतः ठेकेदाराकडे लागले.

ते मैदान कधी मधून ओलांडायचे नाहीत. उन्हात सगळा वळसा घालून कडेनं जायचे. मी एकदा म्हणालो, “मामा, मधून जा की. कोण अडवतंय?”

“कळप बसला असला म्हंजी मधून जात नसत्यात साहेब. बुजतंय.”

“आता कुठाय कळप?”

त्यांनी पोरांकडे हनुवटी केली. “ह्यो काय. ती मधली रेघ हाय ना, तिथंच आमची मेंढरं बसायची. आता ही बसत्यात.”

सराव संपला की ते पोरं मोजायचे. बावीस आली तर बावीस फाटकाबाहेर गेल्याशिवाय कुलूप लावायचे नाहीत. एकदा एकवीसच भरली. सगळे म्हणाले, एखादा आधीच गेला असेल. मामा ऐकेनात. शेवटी पंपाच्या खोलीमागं सावलीत आमचा धिप्पाड बचावपटू गाढ झोपलेला सापडला. रात्रपाळी करून तसाच आला होता. मामांनी त्याला उठवलं नाही. टॉवेल ओला करून त्याच्या तोंडावर टाकला आणि तो जागा होईपर्यंत शेजारी बसून राहिले. मग म्हणाले, “चल, तुझ्यापायी कुलूप अडलंय.”

माझी आणि त्यांची ओळख झाली ती पंपाच्या मोटारीमुळे. मोटार कण्हायला लागली म्हणून एका रविवारी मी थर्मल कॅमेरा घेऊन गेलो. तो कॅमेरा कंपनीनं विजेच्या पॅनेलसाठी घेतलेला. उष्णता तेवढी बघतो. कुठला जोड सैल झालाय, कुठलं बेअरिंग तापतंय, ते पडद्यावर लाल-पिवळं दिसतं आणि गार असेल ते निळं. मी कॅमेरा पेटीतून काढतोय तोवर मामांनी मोटारीच्या दोन्ही टोकांना हाताची पालथी बाजू लावली होती.

“मागलं गेलंय,” ते म्हणाले.

कॅमेऱ्यात मागचंच बेअरिंग लाल दिसलं. मी विचारलं, “पालथा हात का लावता?”

“तळहात मेलाय साहेब. जल्मभर कातर धरली. पालथा अजून जित्ता हाय.”

पोरं भोवती जमली होती. त्यात सलीम होता. प्रेस शॉपमधला टेंपररी कामगार, डाव्या बगलेनं पळणारा, संघातला सगळ्यात वेगवान. तो ओरडला, “साब, मामू का बी फोटू निकालो! बुड्ढे में कित्ती गर्मी है देखते!”

मी गमतीनं कॅमेरा सलीमच्याच पायांवर धरला. एक पोटरी दुसरीपेक्षा चांगलीच लाल होती. मामांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. “उजवी पोटरी न्हवं? कालपासनं तसंच हाय त्याचं. सांगतोय तर ऐकत नाय.”

तिथून सुरुवात झाली. मी वाचायला लागलो. स्नायूवर ताण साठला की त्या जागची कातडी दुसऱ्या दिवशीही थोडी जास्त तापलेली राहते आणि दुखायच्या आधी ती कॅमेऱ्यात सापडू शकते. बाहेरच्या देशांतले संघ असं करतात हे कळल्यावर मला हुरूप आला. दर सोमवारी पाळीच्या आधी मी खेळाडूंच्या मांड्या-पोटऱ्यांची चित्रं काढू लागलो. दोन महिने त्यातून काही हाती लागलं नाही. एकाचे पाय जन्मजात गरम, दुसऱ्याचे गार. मी तक्ते करायचो आणि फाडायचो.

मामा शेजारी उकिडवे बसून बघत असत. खुर्चीवर ते बसायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, “राग येनार नसला तर बोलू का?”

“बोला ना.”

“एका मेंढराचा कान दुसऱ्या मेंढराच्या कानाशी लावून बघत नसत्यात. परतेकाची ऊब येगळी. त्याचा डावा त्याच्याच उजव्याशी लावा.”

मी तसं केलं आणि तक्ते बोलायला लागले. ज्याच्या दोन्ही पायांत फरक पडला त्याला आम्ही दोन दिवस बसवायचो. त्या हंगामात आमच्या संघात कुणाचा स्नायू धरला नाही. मामा खूश असत. म्हणायचे, “तुमचा डबा माज्यासारखाच बोलतोय, फकस्त रंगीत बोलतोय.” पुढं मी या कामावर जो लेख लिहिला त्यात ‘निरीक्षणांती आम्ही असे ठरवले की’ असं वाक्य आहे. त्यातल्या ‘आम्ही’मध्ये मामा कुठं नव्हते.

मैदानाकडेच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत कॅमेऱ्याचे नियम मी भिंतीवर लावले होते. चित्र घेण्याआधी पंधरा मिनिटं सावलीत बसायचं. अंगावर तेल नको, पाणी नको. पंखा किंवा कूलरचा झोत नको. कॅमेरा कातडीवरची उष्णता बघतो, आतली नाही. कातडी कशानंही गार झाली की तो फसतो. मामांना वाचता येत नव्हतं, पण नियम तोंडपाठ होते. कुणी ओल्या पायांनी आलं की हाकलून द्यायचे. “हो बाहेर. डब्याला फसवतो व्हय रं?”

त्या उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल होते. शहरात नळाला आठवड्यानं पाणी. कंपनीत कूलर कोरडे ठेवायचे असा हुकूम होता. कारखान्यांच्या संघांची स्पर्धा आमच्याकडे होती. पुण्याहून मोठे साहेब येणार म्हणून धूळ बसवायला मैदानावर एक टँकर आला. मामांनी टँकरवाल्याला दोन्ही गोलपाशी थोडं थोडं पाणी मारायला लावलं आणि बाकीचा टँकर कामगारांच्या वस्तीकडं वळवला. आमच्या प्रशासनाच्या साहेबांचा पारा चढला.

“कुणाला विचारून पाठवला?”

“गोलकीपर पडतोय तिथं मारलंय की पानी. बाकीच्याला पळायचं हाय. पळायला पानी कशाला?”

“आणि धूळ? पाहुण्यांच्या तोंडावर धूळ उडेल!”

“पाहुन्याला पुसाया टॉवेल देतो माजा,” मामा म्हणाले. मस्करी नव्हती ती. खरंच टॉवेल पुढं केला. साहेबांनी तेव्हा काही केलं नाही, पण लक्षात ठेवलं असणार.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी पोरं पाय मोकळे करत होती. संघातल्या दोघांना मोठे साहेब कायम करणार अशी बातमी होती आणि त्यात सलीमचं नाव आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सात महिने काम, मग ब्रेक, पुन्हा सात महिने, अशी त्याची चार वर्षं गेली होती. मामा रांगेनं एकेकाच्या पायांना पालथा हात लावत आले. सलीमपाशी थांबले. डावा, उजवा, पुन्हा डावा.

“सल्ल्या, आज बस.”

“काइकू मामू?”

“डावी मांडी तापलीय. मागल्या अंगाला.”

“धूप में खडा हूँ तो तपेगीच ना.”

“मग उजवी का नाय तापली? ती काय पाहुन्यांच्या मंडपात व्हती?”

पोरं हसली. सलीम हसला नाही. तेव्हा मामांनी त्याच्या मांडीच्या मागं एका जागी अंगठा टेकवला. मी चार पावलांवर होतो. मी स्वच्छ पाहिलं. त्यांनी दाबलं नाही, नुसता टेकवला. सलीम “आय!” करून बाजूला झाला.

“बघ. टेकवला तर उडतोस. पळशील कसा?”

“मामू, आज नहीं खेला तो जिंदगीभर टेंपररीच रहूँगा मैं.”

मामा म्हणाले, “बरं. साहेबाच्या डब्याला इचारू. त्यो म्हनला खेळ तर खेळ.”

दुपारी आमची पत्र्याची खोली भट्टीसारखी तापली होती. सलीमला घामाच्या धारा लागल्या. घाम असला की चित्र येत नाही. पाहुण्यांच्या मंडपात मात्र त्या दिवसापुरता एक कूलर पाणी भरून लावलेला होता. मी सलीमला तिथं नेलं आणि कडेच्या जाळीच्या खुर्चीवर बसवलं. मोठे साहेब आले होते, त्यांना मी कॅमेऱ्याची माहिती देत होतो. ते रस घेऊन ऐकत होते. इतकी वर्षं मी पॅनेल आणि बेअरिंग बघत होतो, कुणी मोठ्या माणसानं एवढा वेळ माझं ऐकलं नव्हतं. पंधरा मिनिटं झाली. मी त्यांच्यासमोर सलीमला उभं केलं आणि चित्र घेतलं. दोन्ही मांड्या अगदी सारख्या. साहेब म्हणाले, “वा!”

मामा मंडपाच्या दोरीबाहेर उभे होते. “साहेब,” त्यांनी हाक मारली, “सकाळी डावी तापली व्हती. येवढ्यात उजवीवानी कशी झाली?”

“विश्रांती मिळाली ना मामा.”

“आवं पन—”

“मामू,” सलीम म्हणाला, “मशीन बोल रही ना? बस.” आणि तो बूट बांधायला पळाला.

पहिल्या अर्ध्यातच तो मंडपासमोरून चेंडू घेऊन सुटला आणि धावता धावता डाव्या मांडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी धरून खाली कोसळला. त्याच्यापाशी पहिले पोचले ते मामा. ते मैदानाच्या मधून पळत गेले.

मी मंडपात होतो. मी सलीमची रिकामी खुर्ची पाहिली. तिची डावी बाजू कूलरकडं होती. ओल्या वाळ्याचा गार झोत सरळ त्या बाजूवर येत होता. पंधरा मिनिटं त्या झोतानं तापलेली मांडी वरून गार केली होती. मी भिंतीवर लावलेला नियम मीच मोडला होता. हे कळायला मला क्षणही लागला नाही. मी उठलो आणि ती खुर्ची तिथून हलवली. सगळ्यांचं लक्ष मैदानाकडे होतं.

आठ दिवसांनी ऑफिसात बोलावणं आलं. सलीमचा स्नायू फाटला होता. मशीननं हरकत नाही सांगितलेल्या खेळाडूला असं कसं झालं, याचा लेखी खुलासा छापील फॉर्मवर माझ्याकडे मागितला. मी लिहिलं : ‘सामन्याच्या दिवशी सकाळी अप्रशिक्षित व्यक्तीने अंगठ्याने दाब दिल्यामुळे स्नायूस इजा झाली असावी व त्यामुळे तपासणीतही चूक आली असावी.’ कुणी मला असं लिहायला सांगितलं नव्हतं. लिहायला पाच मिनिटं लागली असतील.

मग मामांना आत घेतलं. चपला दाराशी काढून ते उभे राहिले. प्रशासनाचे साहेब म्हणाले, “त्या दिवशी सलीमची मांडी दाबलीत का?”

“दाबली नाय. टेकवला अंगठा.”

“म्हणजे लावलात.”

“व्हय. कुठं दुखतंय ते त्याला दावाया. त्यानं खेळू नये म्हनून. ह्या साहेबाला इचारा की. साहेब व्हते तिथं.”

सगळे माझ्याकडे वळले.

“मी लांब होतो,” मी म्हणालो. “नीट दिसलं नाही.”

माझ्याकडे मामांनी रागानं पाहिलं असतं तर मला ते आठवलं असतं. त्यांनी पाहिलं नाही. उद्यापासून येऊ नका असं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, “चुन्याची अर्धी गोनी उरलीया. कुनाला देऊ?”

सलीमला ब्रेक मिळाला, त्यानंतर पुन्हा बोलावणं आलंच नाही. मामूच्या अंगठ्यानं पाय गेला, असं त्याला ऑफिसातून सांगण्यात आलं. अंगठा टेकवला तेव्हा दुखलं होतं, हे त्याला आठवत होतंच. त्याचा विश्वास बसला. माझा लेख कंपनीच्या मासिकात फोटोसकट आला. एका कॉलेजात त्यावर माझं भाषणही झालं. मी निवृत्त झालो. या सगळ्याचं मला फार काही वाटत होतं असं म्हणणं खोटं होईल. जेवण जात होतं, झोप लागत होती.

चार वर्षांपूर्वी एका लग्नासाठी कन्नडला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. मामा दिसले. भावाच्या पोराची दोन मेंढरं विकायला आले होते. मला पाहून उभे राहिले आणि चहा सांगितला. घरचं विचारलं. गुडघे कसे आहेत विचारलं. मग म्हणाले, “सल्ल्या कसाय?”

“रिक्षा चालवतो. क्रांती चौकात असतो.”

“पाय?”

“थोडा ओढतो.”

मामा चहाचा ग्लास फिरवत बसले. “त्याच्या निकाहाला गेलतो मी. बोलावलं नव्हतं, पन गेलो. चांगलं वाढलं त्यानं. पन म्हनलं पाय बघू दे रं, तर म्हनला, नक्को मामू. पाय खुर्चीखाली वढून बसला.”

मी म्हणालो, “मामा, ते मी लिहिलं होतं.”

“ठावं हाय.”

“तो कूलरजवळ बसला होता. मीच बसवला होता.”

“ते बी ठावं हाय. दोरीबाहेर हुबा व्हतो ना मी.”

“मग तुम्ही का नाही सांगितलं त्याला?”

“आपल्या तोंडानं आपलं कसं सांगायचं साहेब? ते दुसऱ्यानं सांगाया लागतंय.” मग म्हणाले, “मैदानाचं जाऊ द्या. काम काय, कुठंबी मिळतंय. पन त्या पोराला वाटतंय, मामानं पाय खाल्ला.”

“मी सांगतो त्याला.”

“कवा?”

“आजच. उतरल्या उतरल्या.”

ते मला जीपच्या अड्ड्यापर्यंत घेऊन आले. ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा निघाला. खिडकीपाशी वाकून त्याला म्हणाले, “साहेबाला क्रांती चौकात सोड. आडवळन पडलं तरी सोड. तिथं त्यांचं काम हाय.” जीप सुटली तेव्हा ते दोन्ही मेंढरांच्या दोऱ्या एका हातात धरून उन्हात उभे होते. मेंढरं विकली गेली नव्हती. घाईत असल्यासारखे ते हातानं मला ‘जा, जा’ करत होते. त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन ते.

ड्रायव्हरनं शब्द पाळला. बाकीच्या प्रवाशांना उतरवून जीप वळवली. “साहेब, क्रांती चौक. मामांनी सांगितलंय.” रिक्षांची रांग होती. तिसऱ्या रिक्षात सलीम वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी म्हणालो, “अजून थोडं पुढं घे. बस स्टँडला उतरतो.”

गेल्या दिवाळीआधी मामा गेल्याचं कळलं. त्यानंतरही मला पाच महिने लागले.

मागच्या मंगळवारी मी चौकात गेलो आणि सलीमच्या रिक्षात बसलो. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. “किधर चलना साब?” म्हणाला. मग आरशात नीट पाहून ओळखलं. मी त्याला रिक्षा बाजूला घ्यायला सांगितली आणि सगळं सांगितलं. कूलर, खुर्ची, फॉर्मवरचं वाक्य, ऑफिस. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. मामा गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं रिक्षाचं इंजिन बंद केलं.

मग त्यानं विचारलं, “मामू को मालूम था?”

“हो.”

“आखरी कब मिले तुम उनकू?”

मी कन्नडचा बाजार सांगितला. जीप सांगितली. ड्रायव्हरला त्यांनी काय सांगून ठेवलं होतं तेही सांगितलं.

“कब की बात है ये?”

“चार वर्षं झाली.”

सलीमनं मागं वळून पाहिलं नाही. समोरची रांग एकेक रिक्षानं पुढं सरकत होती, मागचे हॉर्न देत होते. तो हँडलवर हात ठेवून बसून राहिला.

“चार साल,” तो म्हणाला. “मैं तो इधरीच था, साब.”